पाऊण सूट

"जोडीच्या खेळात पूर्ण सूट देणं न्यायाचं नाही," वामनराव म्हणाले, आणि गोल्फ क्लबच्या व्हरांड्यात सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

कारण सूट कमी होणार होती ती त्यांच्याच जोडीदाराची. चंपतराव लकडगंजातले वखारवाले, गोल्फात कच्चे. म्हणून त्यांना दर खड्ड्याला एक फटका माफ असायचा.

"दोघांतला चांगला आकडा धरतात, म्हणजे कच्च्या माणसाचं वाईट झाकलंच जाते. वरून पुरी सूट काहून? पाऊणच द्या. साऱ्यांनाच."

समोरच्या जोडीतले मधुकरराव हसले. "जज्जसाहेब, सोताच्याच जोडीदाराले फाशी देऊन राहिले तुम्ही!"

"देऊ द्या," चंपतराव म्हणाले. "दोस्त आहे तो माहा."

वामनराव रिटायर झाले तरी जज्जच होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. रविवारी पोराकडे पुण्याला जायचं, ते कायमचं. क्लबच्या बोर्डावर त्यांचं नाव एकदाही लागलं नव्हतं. हा कप शेवटचा.

दुपारी शेवटच्या खड्ड्याशी आले, तेव्हा मधुकररावांची जोडी आकडा देऊन चहा पीत बसली होती. त्यांना मागे टाकायला इथे चार फटक्यांत बॉल खड्ड्यात जायला हवा होता. चंपतरावांना पाच लागले. जुनी सूट असती तर पाचाचे चार झाले असते. पण पाऊण सुटीत माफी फक्त अवघड खड्ड्यांना, या सोप्या खड्ड्याला ती उरली नव्हती.

वामनरावांचे तीन फटके झालेले. खड्डा टेकाडापलीकडे.

"बाकीचे हरवले. हा एकच बॉल उरला गा," वामनराव म्हणाले. बॉलवर लाल ठिपका होता. त्यांची बायको मनकर्णाबाई त्यांच्या प्रत्येक बॉलला आलत्याचा ठिपका लावून द्यायच्या.

"थांब, मी झेंडा धरतो," म्हणत चंपतराव टेकाडापलीकडे गेले.

वामनरावांनी अंदाजानं फटका मारला. बॉल कुठं गेला, त्यांना दिसलं नाही.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पलीकडून आरोळी आली, "गेला गा! सरळ खड्ड्यात गेला!"

वामनराव धापा टाकत पोचले, तेव्हा चंपतराव खड्ड्यातून हात काढत होते.

"ठिपका पाहिला?"

"लालभडक. हा बॉल मी ठेवतो. तुही आठवण." त्यांनी मूठ खिशात घातली. डोळे पाणावले होते.

व्हरांड्यात कप हातात घेऊन वामनराव म्हणाले, "बेइमानीचा असता तर इथंच ठेवून गेलो असतो. आज न्यायानं जिंकलो."

टाळ्या झाल्या. टेकाडाच्या अंगाला कवठाखाली डुलक्या घेत बसलेल्या मनकर्णाबाई एव्हाना व्हरांड्यात आल्या होत्या. साऱ्यांना संत्री वाटायला त्यांनी पिशवीत हात घातला.

"अवो, हे काय!" आलत्याचा ठिपका वर करून त्यांनी बॉल नवऱ्यापुढे धरला. "मघाशी धपकन पिशवीत पडलं, तं मले वाटलं कवठ पडलं."