बंद न राहणारा कॅमेरा

दिव्या रोज शाळेत जाताना लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये कॅमेरा बंद करून सेव्ह करायची, अन् दुपारी येऊन पाहते तर तो चालू! अँटीव्हायरस फिरवून झाला, पण तिसऱ्या दिवशीही तेच. आपण घरात एकट्या असताना कोणीतरी पाहतंय, हा विचार तिला घरात बसू देईना. लॅपटॉपवर ओढणी टाकून ती थेट अंगणात जाऊन बसली.

संध्याकाळी बाबा नागझिऱ्याहून आले. वाघांचे फोटो टिपणारे जंगलातले कॅमेरे तेच सांभाळायचे. दिव्या रडकुंडीला आली. “बाबा, कोणीतरी मले पाहून राहिलं!”

 

“काऊन घाबरतेस? तू शाळेत गेल्यावर मीच चालू करून जातो. पोरगी घरात एकटी राहते, अन् कॅमेरा बंद दिसला का शिकारी घुसते.”