चित्रातलं दार

"निर्मीनचा हात सोडू नका हं, बाबा," लेकीनं निघताना बजावलं होतं. कैरोच्या संग्रहालयात अतिवास्तव चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. चित्र सावकाश कसं बघायचं, हे नातीला शिकवायला मी तिला घेऊन आलो होतो.

एका चित्रासमोर ती थबकली. वाळवंटात नुसतंच एक दार उभं होतं, किंचित उघडं. आत गालिचा आणि बाहेर कुणाकुणाचे जोडे. निर्मीननं आपल्या लाल सँडल काढून चित्राखाली नीट ठेवल्या.

"अगं वेडाबाई, हे कुणाचं घर नाहीये!"

"मग या सगळ्यांनी का काढलेत, आजोबा?"

पहारेकरी बिशाराकाका खो खो हसले. "उस्ताद, पोरगी तुमच्यावर गेलेली नाही. शहाणी आहे!"

मीही त्यांच्याकडे वळून हसलो. हात सुटला तो तेवढाच.

परत पाहतो तर निर्मीन नव्हती. चित्राखाली सँडलही नव्हत्या. त्या चित्रात होत्या, बाकीच्या जोड्यांच्या शेजारी.

"काका, माझी नात कुठं गेली?"

बिशाराकाकांचं हसू मावळलं होतं. ते माझ्या पायांकडे बघत होते.

"उस्ताद, तुम्ही कधी काढलेत?"

तेव्हा कुठं तळव्यांना फरशी गार लागली.

मी चित्राकडे पाहिलं. लाल सँडलना खेटून माझे तपकिरी बूट होते. त्यांच्या नाड्या मी सकाळी बांधल्या तशाच, गाठीसकट बांधलेल्या होत्या.