मधाळ दुभाषी

मुलाच्या लग्नासाठी जावातल्या सोलो शहरात आल्यापासून प्रभावतीबाईंच्या मनात पाल चुकचुकत होती. लग्न उद्यावर आलं, तरी विहीणबाई एकदाही रुसल्या नव्हत्या. सुहार्तीबाई जावानीजमध्ये काहीही बोलोत, भाड्याने आणलेला यंत्र-दुभाषी प्रभावतीबाईंच्या कानात मधच ओतायचा.

मेलं यंत्र काहीतरी दडवतंय, असं वाटून त्यांनी मुद्दाम खडा टाकला. "चहा अगदीच पाणचट झालाय हो, विहीणबाई. आणि तो मांडव? कळाच नाही त्याला!"

सुहार्तीबाई हसून मान लववत काहीतरी म्हणाल्या. "तुमच्या कौतुकाने भरून पावले," दुभाषी कानात म्हणाला.

प्रभावतीबाईंनी यंत्र उपटून टेबलावर ठेवलं आणि नाक मुरडून चहाचा पेला दूर सारला.

सुहार्तीबाईंनी दूर सारलेल्या पेल्याकडे पाहिलं. मग त्यांनीही कानातलं यंत्र काढलं, आत जाऊन आहेराची पैठणी आणली, तिचा पदर चिमटीत चुरगाळला आणि तोंडाचा पट्टा सोडला.

प्रभावतीबाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. त्या पदर खोचून, खुर्ची ओढून पुढे सरकल्या.

"हं! आता कुठे विहीण भेटली."