जिनिव्हाची तयारी

“तीन मिनिटं झाली, शेवंतीताई. माईक बंद!” प्रभाकरभाऊंनी मोबाइलची घंटी थांबवली.

मानपाड्याच्या त्यांच्या फ्लॅटमधली ही अकरावी तालीम. जिनिव्हात जगभरच्या आदिवासींची परिषद भरणार होती. खडवलीजवळच्या कातकरी वाडीतल्या शेवंतीला तिथे तीन मिनिटं बोलायचं होतं. मागणी एकच: घरांखालची जमीन वाडीच्या नावावर करा. दावा सात वर्षं पडून होता. ‘तुम्ही इथे आधीपासून राहता याला पुरावा काय?’ एवढंच कचेरी विचारायची. भाऊंनी लिहिलेल्या भाषणात अध्यक्ष, प्रतिनिधी आणि पृथ्वीमाता यांचे आभार मानता मानताच घंटी वाजायची. मागणी चौथ्या मिनिटात होती.

वाडीसाठी झटणारे भाऊ दुभाषी म्हणून सोबत जाणार होते. थंडीचा कोट कधीच घेऊन झाला होता. सोसायटीत तर ते जाऊन आल्यासारखेच बोलत. पासपोर्टचा फॉर्म भरायची घाई मात्र शेवंतीचीच. भाऊंना तिच्या उत्साहाचं कोण कौतुक!

“चला, पुन्हा पहिल्यापासून.”

“भाऊ, मी काय येत नाय. भाषणाच्याच बुधवारी प्रांतसाहेबांकडं आमची सुनावणी लागलीय.”

“सुनावणी? अहो, पण पुरावा कुठाय?”

तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. माहिती अधिकारात मिळवलेली नक्कल. तो अर्ज कसा लिहायचा ते भाऊंनीच तिला शिकवलं होतं. पासपोर्टच्या चौकशीला वाडीवर आलेल्या हवालदाराचा अहवाल होता. दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांचे जबाब, पोलीस ठाण्याचा शिक्का आणि मधोमध स्वच्छ अक्षरात: ‘अर्जदार जन्मापासून याच जागी राहते. तिचा आजाही येथेच राहत असे.’

भाऊंनी कागद दोनदा वाचला. मग खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं.

“कोट घाला की सुनावणीला,” शेवंती म्हणाली. “साहेबांच्या खोलीत एसी हाय.”

भाऊंना हसू येईना. खाकी टोपी दिसली की सगळी वाडी रानात पळायची, हे त्यांनीच भाषणाच्या दुसऱ्या पानावर लिहिलं होतं.

“जिनिव्हाला जायचंच नव्हतं, तर पासपोर्ट काढलात कशाला?”

“पोलीस घरी यावा म्हणून.”