निवळशंख

खदानीच्या काठावरून रुख्मिणी स्पष्ट दिसत होती. तळाच्या हिरव्या शेवाळावर ती कुशीवर पडली होती. एक हात डोक्याखाली. जांभळ्या साडीचा पदर पाण्यात हलत होता.

"थे काय, तिथंच तं हाय," तिची सासू सखूबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती. "हात घातला तं लागन. काऊन कोनी काढत नाई तिले?"

काठावर सात-आठ माणसं जमली होती. गावातला पट्टीचा पोहणारा दौलत दोनदा बुडी मारून आला होता. दोन्ही वेळा कान दाबून वर आला. दुसऱ्यांदा त्याच्या मुठीत नुसतं शेवाळ होतं. ते त्यानं दगडावर झटकलं आणि खोकत बसला. ठाण्याला फोन झाला होता. पाणबुडे आदिलाबादहून येणार होते. त्याला तीन तास.

मयूरी आली ती अशा वेळी. गुडीहत्नूरची ही मुलगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि सुटीच्या दिवशी भीमपूरकडच्या पडीक खदानी धुंडाळायची. तिला हेच शेवाळ हवं असायचं. हा सगळा मुलूख ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा. दगड काढून माणसं निघून गेली की खड्डा पावसानं भरतो, आणि दोन-चार वर्षांत हे शेवाळ कुठूनसं येतं. समुद्रातल्या बेटावर यावं तसं, बहुधा पाखरांच्या पायांना चिकटून, या खड्ड्यातून त्या खड्ड्यात. अंगावर चुन्याचा खरखरीत थर, चुरगाळलं तर लसणासारखा वास. ते तळाचा गाळ धरून ठेवतं, म्हणून वरचं पाणी निवळशंख होतं. ही तिची अकरावी खदान.

माणसं कशाकडे बघताहेत ते तिनं पाहिलं, आणि हातातलं दोरीचं वेटोळं नकळत पाठीमागं घेतलं.

पण रुख्मिणीच्या नवऱ्यानं ते पाहिलं होतं. नागोराव काठाशी उकिडवा बसला होता. विजार चिंब भिजलेली, सदरा वर कोरडा.

"मॅडम, दोरीले थे काय बांधलं हाय?"

"गळ आहे. तळाचं शेवाळ वर ओढायला."

"किती खोल जाते?"

"तीस फुटांपर्यंत."

तो उभा राहिला. "मंग टाका."

मयूरीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती एक पाऊल मागं सरली. "दादा, लोखंडाचे आकडे आहेत. त्यांना लागेल. पाणबुडे येऊन राह्यले ना..."

"आता काय लागते तिले?" नागोराव म्हणाला. "आमची सपना चार वाजता शाळेतून याच वाटेनं येते. तिनं मायले अशी पाहावं का?"

मयूरीनं घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते.

दौलत उठून जवळ आला. "तू टाक, पोरी. तुले सवय हाय. मी वढतो."

पहिल्या खेपेला गळ फार पलीकडं पडला. ओंजळभर शेवाळ घेऊन वर आला. मयूरीनं ते सोडवलं आणि दुसऱ्या हातानं सॅकमधली नमुन्याची पिशवी काढली. मग पिशवी हातात तशीच राहिली. तिनं शेवाळ पाण्यात सोडून दिलं.

दुसऱ्या खेपेला गळ रुख्मिणीच्या खांद्यावरून घसरला. खांदा हलला, मान जराशी वळली. काठावरची एक बाई किंचाळली. सखूबाई मात्र एकटक पाहत होती.

तिसऱ्यांदा मयूरीनं गळ हळूहळू सोडला. दोरी बोटांतून फूटफूट सुटू दिली, तळाशी टेकल्यावर बाजूला सरकवली. आकडा कमरेच्या निऱ्यांत अडकला.

"दौलतकाका, हळू."

रुख्मिणी वर आली. पाण्यात तिला वजनच नव्हतं. काठाशी आल्यावर वजन आलं, आणि चौघांना वाकावं लागलं. ती जिथं पडली होती तिथून गाळाचा लोट उठला. तो पसरत गेला आणि बघता बघता तळ दिसेनासा झाला.

कोणीतरी कापसाची चादर आणली. सखूबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. केसांत गुंतलेलं शेवाळ ती एकेक काडी करून काढू लागली. ते बोटांत कटकट मोडत होतं. लसणाचा वास सुटला होता.

मयूरीनं गळ धुतला. दोरीला दर फुटाला गाठ होती. ओल्या गाठी तिनं मोजल्या नाहीत. मोजायची गरजच नव्हती, त्या तिच्या बोटांतून गेल्या होत्या.

"किती होतं?" दौलतनं विचारलं.

"बावीस फूट."

"बावीस?" तो पाण्याकडं पाहत राहिला. "काठाशी तेवढी एक पायरी हाय दगडाची. तिच्यापुढं सारं सरळ खाली तुटलं हाय. पन वरून पाह्यलं तं अख्खं कमरेएवढंच दिसते."

नागोराव चादरीचं टोक रुख्मिणीच्या पायांवर ओढत होता. पाय झाकले गेले तरी तो ओढतच राहिला.

"मीबी तेच म्हनलो तिले," तो म्हणाला. "फवारनीसाठी पानी न्याले आलो होतो. डबा हातातून सुटला, पान्याच्या मंधात गेला. ती भेत होती. मी म्हनलो, कमरेएवढंच हाय. पाह्य, तळ दिसून राह्यला. उतर."

सखूबाईचा हात सुनेच्या केसांत थांबला. तिनं मुलाकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं ती पुन्हा शेवाळ वेचू लागली.