सत्यमचं पान

"चित्रकथांनी पोट भरतं व्हय रे?" असं तात्यासाहेब एकदा लेकाला बोलले आणि सत्यम शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी आणि घर दोन्ही सोडून निघून गेला. त्याला दोन वर्षं झाली. फोन बंद, पत्ता नाही. त्याचा जुना टॅब तेवढा तात्यासाहेबांच्या कपाटात पडून होता. त्यानं हौसेनं बनवलेलं चित्रकथांचं ॲप मात्र त्याच्या आईच्या, आशाबाईंच्या फोनमध्ये होतं. घरातलं कोण कितव्या पानावर आहे, ते त्यात रोज सकाळी आपोआप दिसायचं. सत्यमचं नाव रोज एक पान पुढं सरकायचं. लेक कुठंतरी धड आहे, एवढ्यावर त्या दिवस काढायच्या.

तात्यासाहेबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या गडबडीत आशाबाईंच्या लक्षात आलं, की सत्यम पाच दिवस नव्या चित्रकथेच्या बाराव्या पानावरच आहे. त्या शेजारच्या दीपमालाकडे धावल्या. तिनं नेट तपासलं, सेटिंग तपासली, ॲप काढून पुन्हा टाकलं.

"काकू, अपडेट बरोबर होतंय. तिकडूनच कुणी पान उलटलेलं नाही."

"लेकराला काही झालं तर नसंल ना गं?"

दीपमालानं ॲप पुन्हा एकदा उघडून बघितलं. त्या दिवशी आशाबाई जेवल्या नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेल्या तात्यासाहेबांनी त्यांचं रडणं ऐकलं. "ही पट्टी कधी निघंल?" एवढंच ते विचारत राहिले.

 

शनिवारी पट्टी निघाली आणि रविवारी सकाळी सत्यम तेराव्या पानावर गेला.