कॉम्प्युटरची पूजा

दसऱ्यापासून कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी तापून बंद पडत होता. माझा अख्खा प्रबंध आत अडकलेला, आणि बाबा अपराध्यासारखे दारात उभे.

"पूजेच्या वेळी मीच हात लावला होता गं. काहीतरी बिघडवलं मी."

"हळदीकुंकवाने कधी काही बिघडतं का, बाबा?" वैतागून म्हणत मी बाजूचं झाकण उघडलं.

पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अडकल्या होत्या, लाल अक्षतांसकट. वरच्या जाळीवर वाहिलेलं सगळं आत पोचलं होतं.

ब्रशने झाडून काढलं. पंखा भिरभिरला. तासभर झाला तरी कॉम्प्युटर चालूच होता.

बाबांनी त्याला हलकेच उलटा हात लावला, लहानपणी माझा ताप बघायचे तसा.

"उतरला," म्हणाले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला.